घेराच्या मधली तिपाई

मित्रांनो, तिपाईच्या जन्माला यावं आणि वर्षानुवर्षं आपल्यावर कुणी बसूच नये, असं कधी ऐकलंय तुम्ही? मी तशी तिपाई आहे. गोल फळी, तीन पाय, त्यातला एक निळा. दिसायला अगदी साधी. पण मला बघायला लोक तिकीट काढून, इस्त्रीचे कपडे घालून येत. मंचाच्या मधोमध मी एकटी उभी असे, डोक्यावर एकच दिवा, आणि शेवटी अख्खं नाट्यगृह उभं राहून टाळ्या वाजवत असे. तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? तुझी तर चैनच होती.

चैन? बरं. आधी ऐकून घ्या, मग ठरवा.

एका नाट्यगृहामागच्या सुतारकामाच्या खोलीत मी जन्मले. कुठल्याशा नाटकातला लाकडी जिना मोडला होता. त्याच्या पायरीतून माझी फळी निघाली आणि कठड्यातून दोन पाय. तिसऱ्या पायापाशी लाकूड संपलं. सुतारानं कोपऱ्यातल्या ढिगातून भलताच एक दांडा ओढला, तासला आणि फळीच्या भोकात बसवला. तो जरा बारीक होता. सुतारानं तळहातानं मला दाबलं, तर तो पाय भोकात वर सरकला आणि आवाज आला, टक. मला उचललं, की पाय पुन्हा खाली घसरायचा आणि पुढच्या वजनाची वाट बघत राहायचा.

"राहू दे," सुतार स्वतःशीच म्हणाला. "तालमीच्या खोलीत तर जायची आहे. तिथे कोण बघतंय."

हा सैल पाय लक्षात ठेवा. वजन आलं की टक. वजन नसेल तर काही नाही. माझी सगळी गोष्ट एवढ्यावरच उभी आहे.

तालमीची खोली एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर होती. खालून वाफ यायची, साबणाचा आणि तापल्या कापडाचा वास यायचा, खिडक्यांवर सदानकदा धुकं. यंत्रांची धपधप जमिनीतून माझ्या पायांत चढायची. लांबलचक खोली, घासून गुळगुळीत झालेली लाकडी जमीन, भिंतीला एक आरसा. त्या आरशावरही बहुतेक वेळा चादर टाकलेली असायची, कारण थोरलीला आरसा आवडत नसे. "आरशात बघून नाचलात की तुम्ही एकटे पडता," ती नाचणाऱ्यांना सांगायची. "शेजारच्याकडे बघा."

थोरली म्हणजे नृत्यदिग्दर्शिका. ती नाच बसवायची. धाकटी म्हणजे तिची बहीण. ती नाचायची. थोरली कमी बोलायची, भुवया जोडून कोपऱ्यात विचार करत बसायची. धाकटी उशिरा यायची, जिना दणदणत चढायची, पायानंच मला ओढून घ्यायची आणि धपकन बसायची. एक पाय मुडपून फळीवर, दुसरा लोंबता, सगळा भार डाव्या बाजूला, नेमका माझ्या सैल पायावर. टक.

थोरली वर न बघता विचारायची, "आलीस?"

"नाही, अजून वाटेत आहे," धाकटी म्हणायची.

रोज हेच. खोलीतले सगळे रोज त्याला हसायचे.

थोरलीची कामाची एक पद्धत होती, तिला सगळे 'जागा राखणं' म्हणत. कुणी आजारी पडलं, कुणाच्या मुलाची परीक्षा असली, तर त्याच्या बदली दुसऱ्याला उभं करायचं नाही. त्याची जागा रिकामीही सोडायची नाही. तिथे मला ठेवायचं आणि बाकीच्यांनी तो माणूस आहे असं समजून नाचायचं. माझ्याकडे झुकायचं, माझ्यापाशी हात न्यायचा, मला धक्का लागला तर सॉरी म्हणायचं. थोरली म्हणायची, "जो आलेला नाही, त्यालाही वजन असतं. ते धरून नाचा." त्यामुळे मी सगळ्यांच्या जागी उभी राहिले आहे. कधी मी लंबू असायचे, म्हणजे त्यांच्यातला सगळ्यात उंच नाचणारा.

"बघ लंबू, तिपाई तुझ्यापेक्षा बरी," धाकटी त्याला दुसऱ्या दिवशी चिडवायची. "वेळेवर येते आणि पायावर पाय देत नाही."

"तिला तीन आहेत, तरी," लंबू म्हणायचा. "मला दोन सांभाळता येत नाहीत."

ते दिवस फार गजबजलेले होते, मित्रांनो. थोरलीला एकट्या नाचावर भागत नसे. तिला दुसऱ्या कलांची माणसं लागायची. एका नाचासाठी तिनं एका चित्रकाराला बोलावलं. त्यानं नाचणाऱ्यांच्या पायांखाली ओला रंग ओतला आणि प्रयोग संपेपर्यंत मंचभर एक चित्र तयार व्हायला लागलं. रोज वेगळं, रोज पुसायचं. माझा सैल पाय तेव्हा निळा झाला, तो झालाच. मग एक वादककाका आले. त्यांना सगळे ठेकाकाका म्हणत, कारण ते हाताला लागेल त्यावर ठेका धरत. पहिल्याच दिवशी ते जमिनीला कान लावून खालच्या यंत्रांचा आवाज ऐकत पडून राहिले. जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीवाला वर येऊन म्हणाला, "यांना बरं वाटत नाहीये का?" त्या धपधपीतून काकांनी एका अख्ख्या नाचाचं संगीत केलं. माझ्या फळीवरही ते बोटांनी वाजवायचे आणि म्हणायचे, हिचा सूर जरा खालचा आहे, पण खरा आहे. माझी अशी स्तुती पुन्हा कुणी केली नाही.

आणि शिल्पकारबाई. जाडजूड हात, केसांत कायम पांढरी पूड, तोंड फटकळ. त्यांनी नाचणाऱ्यांच्या पाठी, खांदे, मुडपलेले गुडघे यांचे प्लास्टरचे साचे काढले आणि ते मंचावर टांगले. धाकटीनं एका साच्यात डोकावून विचारलं होतं, "पण हा तर पोकळ आहे. यात मी कुठे आहे?"

"पूर्ण आहेस," बाई म्हणाल्या. "आत बोट फिरव. जिथे साचा आत गेलाय, तिथे तू बाहेर आहेस. साच्यातली पोकळी रिकामी नसते गं, तिला आकार असतो. ज्याचा साचा काढला, त्याचा."

धाकटी हसली होती. मी मात्र हे वाक्य विसरले नाही. आम्हा लाकडांना तसंही काही विसरता येत नाही. जे होतं ते रेषेत जाऊन बसतं.

मग थोरलीनं 'घेर' हा नाच बसवायला घेतला. त्यात मधोमध धाकटी होती आणि बाकी सगळे तिच्याभोवती. कुणी तिच्या खांद्यावर रेलायचं, कुणी तिच्या कोपराला धरून वळायचं, कुणी तिच्या पाठीला पाठ लावून उभं राहायचं. ती सगळ्यांना सांभाळत, झेलत, सोडत राहायची. शेवटी सगळे इतक्या वेगानं फिरायचे की कोण कुठला कळू नये, आणि तेवढ्यात धाकटी एकच टाच जमिनीवर मारायची. टक. सगळे जागच्या जागी थांबायचे. अंधार. संपलं.

तालमीत फोटो काढायला थोरलीची सक्त मनाई होती. कुणी भिंतीपाशीसुद्धा मोबाईल धरून उभा राहिलेला तिला चालत नसे. "अजून कच्चं आहे," ती म्हणायची. "प्रयोग झाला की काढा हवे तेवढे."

तर प्रयोग जवळ आला असताना एक दिवस धाकटी आली नाही. घसा दुखतोय, थोडा ताप आहे, असा निरोप आला. पद्धतीप्रमाणे मला तिच्या जागी ठेवलं. लंबू मला म्हणाला, "आज तू आमची महाराणी. जरा वेळेवर टाच मार." सगळे हसले. दुसऱ्या दिवशीही मीच. तिसऱ्या दिवशी तालीम मध्यावर असताना दवाखान्यातून फोन आला. थोरलीनं तो घेतला, ऐकला आणि हातातच धरून उभी राहिली. खाली यंत्रं धपधपत होती. कुणीतरी जाऊन ती बंद करायला सांगितली.

त्यानंतर मला त्या जागेवरून कुणी उचललंच नाही.

प्रयोग रद्द करू, असं सगळे म्हणाले. थोरली म्हणाली, "जागा राखा." एवढंच. प्रयोग झाला. पडदा वर गेला तेव्हा घेराच्या मधोमध मी होते. ते सगळे माझ्याभोवती नाचले, जणू ती आहेच. हवेत रेलले, हवेतल्या कोपराला धरून वळले. लंबूचा हात एका ठिकाणी पुढे यायचा आणि तसाच थांबायचा, काही न पकडता. प्रेक्षकांत कुणी खोकलंसुद्धा नाही. मग शेवटचा फेर आला, वेग वाढला, आणि तो क्षण आला.

मित्रांनो, आता जे सांगते त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. माझ्यावर वजन आलं. डाव्या बाजूला, एक पाय मुडपल्यासारखं, धपकन. माझा निळा पाय भोकात वर सरकला.

टक.

सगळे थांबले. अंधार झाला. विंगेत उभी असलेली थोरली अगदी हळू म्हणाली, "आलीस?"

उत्तर आलं नाही. पण वजन होतं. दिवे लागेपर्यंत होतं.

तेव्हापासून माझं आयुष्य बदललं. 'घेर' गाजला. आम्ही गावोगाव, देशोदेशी गेलो. समीक्षकांनी माझ्यावर लेख लिहिले. रिकामी तिपाई म्हणजे आधुनिक माणसाचं एकटेपण आहे, असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं, ती सत्ता आहे. लंबूनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाला, "ऐकलंस का सत्ताबाई?" पण त्याच्या आवाजात हसू नव्हतं. माझ्यासाठी पेटी केली, आत मऊ घोंगडी घातली. मला उचलताना लोक श्वास रोखायला लागले. आणि बसणं? नाव काढू नका. दमूनभागून आलेली माणसं जमिनीवर फतकल मारून बसत, पण माझ्यापासून लांब. एका नव्या मुलीनं चुकून माझ्यावर पाण्याची बाटली ठेवली, तर सगळी खोली तिच्याकडे अशी बघायला लागली की ती रडवेली झाली.

लोकांनी कौतुक केलं आणि वापर थांबवला. आम्हा वस्तूंना यातली दुसरी गोष्ट जास्त लागते.

आणि थोरली? तिनं नवा नाच बसवणं सोडून दिलं. चित्रकार नवी कल्पना घेऊन आला, तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी तो आला नाही. ठेकाकाका येत राहिले, पण तेच वाजवत राहिले. शिल्पकारबाई मात्र एकदा तिच्यावर भडकल्या.

"तू नाच बसवत नाहीस आता," त्या म्हणाल्या. "नुसती राखण करतेस."

"करते," थोरली म्हणाली. "त्या जागेवर दुसरं कुणी उभं राहिलं, तर ती येईल कुठे?"

जिना उतरताना बाईंनी डोळे पुसले आणि गालावर पांढरी रेघ उमटली.

लाँड्रीला आठवड्यातून एक सुट्टी असे. त्या दुपारी यंत्रं बंद, वाफ नाही, खिडक्या स्वच्छ. थोरली एकटीच यायची. मला पेटीतून काढून मधोमध ठेवायची आणि भिंतीला टेकून बसायची. ऊन जमिनीवरून माझ्याकडे सरकत यायचं. कधी खूप वेळ काहीच व्हायचं नाही. कधी टक व्हायचं.

"आलीस?" ती विचारायची. मग बारीकसारीक सांगत बसायची. खालच्या माणसानं नवी पाटी लावली, रंग भयंकर आहे. लंबूचे गुडघे दुखतात, सांगत नाही. तुझ्या लेकीचा पुढचा दात पडला. आणि काही वर्षांनी, तुझी लेक आता माझ्या खांद्याला लागते. ज्या दुपारी टक व्हायचं नाही, त्या दुपारी ती चहाही घ्यायची नाही. मला पेटीत ठेवताना तिचे हात गार असायचे.

आता धाकटीच्या लेकीबद्दल सांगायला हवं. ती आईवेगळी झाली तेव्हा इतकी लहान होती की माझ्या फळीला धरून उभी राहायची. थोरलीनंच तिला वाढवलं. एका जागी म्हणून टिकायची नाही, जिन्यात गिरक्या, बसथांब्यावर गिरक्या, दात घासताना गिरक्या. म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. शाळा सुटली की दप्तर घेऊन थेट वर यायची आणि खिडकीखाली बसून तालीम बघायची. नाचायची तर अशी, की ठेकाकाकांचा हात आपोआप जलद व्हायचा.

तिला मी आवडत नव्हते. खोलीत कुणी नसलं की ती माझ्यासमोर उकिडवी बसायची आणि मला झापायची.

"तुला सगळं माहीत आहे," म्हणायची. "ती कशी बसायची, कशी हसायची. माझी आई आहे ना ती? मग तुझ्याकडे येते आणि माझ्याकडे नाही, हे काय आहे?"

मी लाकूड. काय बोलणार. पण त्या वेळी मला माझ्या सैल पायाची पहिल्यांदा लाज वाटली.

दहावीचं वर्ष लागलं तेव्हा एकदा तालीम संपताना ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मावशी, 'घेर'मध्ये मला घे."

"'घेर'मध्ये जागा नाही."

"आहे की. मधली."

लंबू बुटांची लेस बांधत होता, तो बांधतच राहिला.

"ती भरलेली आहे," थोरली म्हणाली.

"तुझ्यासाठी असेल," भिंगरी म्हणाली. "तुला तिचा आवाज आठवतो. लंबूकाकाला तिच्या शिव्या आठवतात. मला तिचं काहीच आठवत नाही, मावशी. तोंडसुद्धा फोटोतलं. ती जिथे उभी राहायची तिथे मला एकदा उभं राहायचंय. एकदाच."

"आणि उभी राहून करणार काय? त्यातलं तुला कुणी शिकवलंय? ती नाचत असतानाचं चित्रण नाही, काही नाही. तो नाच तिच्याबरोबर गेला." थोरलीनं मला उचललं, पेटीत ठेवलं, झाकण लावलं. अंधारात मला फक्त भिंगरीची पावलं ऐकू आली. ती जिना चालत उतरली. भिंगरी जिना चालत उतरल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पण ती गप्प बसणारी नव्हती. त्यानंतर तालीम बघताना तिची नजर बदलली. आधी ती नाचणाऱ्यांकडे बघायची, आता त्यांच्या मधल्या हवेकडे बघायला लागली. सुट्टीत लंबूच्या शेजारी जाऊन बसायची.

"लंबूकाका, तो हात तू तिथे का थांबवतोस?"

"तुझ्या आईचं कोपर तिथे यायचं."

"उजवं?"

"डावं. जरा वर. भलतीच टोकदार कोपरं होती तिची. बरगडीत बसलं की दिवसभर आठवण."

मग ती दुसऱ्याकडे जायची. तू मागे रेलतोस तेव्हा तुला वाटतं की ती वाकलेली आहे की ताठ? तुझी पाठ तिच्या पाठीला कुठे लागायची, वर की खाली? एकदा ती आईचे जुने साचे बघायला शिल्पकारबाईंच्या कारखान्यात जाऊन आली आणि केसांना पांढरी पूड लावून परतली. त्या सुट्टीच्या दुपारी, थोरली यायच्या आधी, तिनं मला पेटीतून काढून भिंतीकडे सरकवलं आणि स्वतः मधोमध उभी राहिली. डोळे मिटले. डावं कोपर जरा वर उचललं. मग खांदा झुकवला, कुणाचातरी भार पेलल्यासारखा. मला कळेना मी काय बघतेय. आणि मग कळलं. मी तिला ओळखत होते. ते खांदे मी ओळखत होते. ज्या नाचाचं काहीच उरलं नाही असं थोरली म्हणत होती, तो बाकीच्यांच्या अंगात तसाच होता, उलटा, साच्यासारखा. पोरगी तो साचा भरत होती.

जिन्यात थोरलीची पावलं वाजली आणि तिनं घाईघाईनं मला जागेवर ठेवलं. त्या दुपारी टक झालं नाही. थोरली अंधार पडेपर्यंत बसून होती.

मग तो प्रयोग आला. परक्या शहरातलं मोठं नाट्यगृह. भिंगरी सुट्टी काढून मावशीबरोबर आली होती, कपडे सांभाळायला. मला मंचावर मधोमध ठेवलं, लंबूनं जागा तपासली, आणि सगळे तयार व्हायला आत गेले. तेवढ्यात तिथला एक नवा माणूस झाडू घेऊन आला. त्याला आमची कथा कुठून माहीत असणार? मंच झाडला, मला बघितलं, स्वतःशीच म्हणाला, "लोक वस्तू टाकतात आणि जातात," आणि मला उचलून विंगेत नेऊन ठेवलं. बसणारही होता. पण त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

घंटा झाली. पडदा वर गेला. मधोमध दिवा पडला आणि दिव्याखाली कुणी नव्हतं. काहीच नव्हतं.

थोरली विंगेत माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिनं मंच बघितला. मग मला बघितलं. मी सिमेंटच्या फरशीवर, दोरांच्या वेटोळ्यांशेजारी. तिनं माझ्याकडे हात नेला, पण ठेकाकाकांचं वादन सुरू झालं होतं आणि नाचणारे आत शिरले होते. ते जागा राखायला शिकलेली माणसं. ते थांबले नाहीत. त्या रिकाम्या उजेडाभोवती फिरायला लागले. मी असताना निदान एक लाकूड होतं मधे. आता ते हवेत रेलत होते आणि हवा त्यांना पेलत नव्हती. लंबूचा चेहरा पांढरा पडला होता.

थोरली पुटपुटत होती. "आता ती कुठे येणार? तिला जागाच नाही. कुठे येणार ती?"

भिंगरीनं बूट काढले, मग मोजे. पुढे निघाली तशी थोरलीनं तिचं मनगट पकडलं.

"मावशी, सोड. जागा रिकामी आहे."

"तुला काय येतं त्यातलं?"

"सगळ्यांच्या मधलं येतं," भिंगरी म्हणाली.

मंचावर लंबूचा हात पुढे आला आणि थांबला. थोरलीनं तो हात बघितला. इतकी वर्षं ती तो हात बघत आली होती. मग तिची बोटं सुटली. एकेक करून सुटली, मी मोजली नाहीत, पण प्रत्येक सुटताना दिसलं.

भिंगरी उजेडात गेली.

सगळं छान झालं असं खोटं सांगणार नाही. ती मधे आली तेव्हा घेर चक्क धडपडला. एक जण तिच्यावर जास्तच रेलला, कारण त्याला हवेची सवय झाली होती. तिची केसांची पिन उडाली. पण लंबूचा हात दुसऱ्यांदा पुढे आला तेव्हा त्याच्या तळव्यात एक कोपर आलं, डावं, जरा वर, टोकदार. लंबूच्या तोंडून आवाज निघाला, तो पहिल्या रांगेपर्यंत गेला असणार. मग एकेकाला त्याची जागा सापडत गेली. पाठीला पाठ लागली. खांद्याला खांदा. वेग वाढला. ठेकाकाका रडत होते आणि तरी त्यांचा ठेका चुकत नव्हता.

थोरलीनं मागे हात नेऊन चाचपलं, हाताला मी लागले आणि ती माझ्यावर बसली. इतक्या वर्षांनी माणूस माझ्यावर बसलं. ऊब लागली. पण ती पूर्ण फळीवर बसली नाही. उजव्या कडेला, अंग चोरून, अर्ध्याच जागेत बसली. डावी बाजू तिनं मोकळी ठेवली.

शेवटचा क्षण आला. भिंगरीनं टाच मारली.

टक.

सगळे थांबले, अंधार झाला, आणि त्या अंधारात, डाव्या बाजूला, जिथे थोरली नव्हती तिथे, माझ्यावर वजन आलं. एक पाय मुडपून. धपकन. माझा निळा पाय वर सरकला.

टक.

"आलीस?" थोरली म्हणाली. मंचाकडे बघत म्हणाली की शेजारी बघत, ते अंधारात मला दिसलं नाही.

आता मी पुन्हा लाँड्रीच्या वरच्या खोलीत आहे. पेटी लंबूनं नेली, तो त्यात गुडघ्यांची तेलं ठेवतो. 'घेर'च्या मधे भिंगरी असते, परीक्षेच्या आठवड्यात मात्र मी. थोरलीनं नवा नाच बसवायला घेतला आहे. चित्रकार परत आला, शिल्पकारबाई आल्या, पहिल्याच दिवशी दोघं भांडली. भिंगरी माझ्यावर उभी राहून खिडकी लावते, माझ्यावर डबा खाते, वर्गातल्या मैत्रिणींना आणून माझ्यावर बसवते. माझा निळा रंग उडत चालला आहे. मध्ये एक सुतार येऊन म्हणाला, हा पाय सरस घालून पक्का करून देतो. थोरली आणि भिंगरी एकदम नको म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी खुर्ची असेल, एखादा कप, एखादी खोलीची बाजू, जी गेलेल्या माणसाची म्हणून कुणी वापरत नाही. तिला जपा. पुसा, तेल लावा, मोडली तर दुरुस्त करा. पण तिला एकटी पाडू नका. तिच्यावर बसा, तिच्यातून प्या, तिथे लोळून अभ्यास करा. आम्ही त्या माणसाला सांभाळून ठेवलंय, पण आमच्याशी कुणी बोललं, बसलं, तरच आम्हाला ते देता येतं.

आणि कधी या खोलीत आलात, तर दमला असाल, खुशाल बसा माझ्यावर. फक्त जरा उजवीकडे सरकून बसा.